गिगचा रोल पुन्हा पातळ आलाय? आधी निगेटिव्हच्या कडा बघा

"ताई, रोल धुऊन आला, पण चेहरेच नाहीत."

महिन्यातून एकदा तरी असा निरोप येतो. सोबत खिडकीसमोर धरलेल्या निगेटिव्हचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो. स्टेजमागचे दिवे काळेकुट्ट ठिपके होऊन बसलेले, माइकचा स्टँड कसाबसा ओळखू येतोय आणि गायक जिथे उभा होता तिथे काचेसारखी स्वच्छ फिल्म. पुढचे प्रश्नही ठरलेले: फिल्म जुनी होती का, लॅबवाल्याने घोळ घातला का, कॅमेरा दुरुस्तीला टाकू का?

मी पुण्यात बारा वर्षं छोट्या जागांमधल्या बँडचे फोटो फिल्मवर काढते आहे. पहिली तीन वर्षं माझेही रोल असेच यायचे. दर वेळी मी काहीतरी बदलायचे. आधी फिल्म, मग डेव्हलपर (फिल्मवर चित्र उगवणारं रसायन), मग लेन्स. पुढच्या गिगला पुन्हा तेच. पातळ, म्हणजे पुरेसं चित्र न उमटलेल्या, निगेटिव्हची कारणं तीन-चार आहेत आणि वरवर पाहता सगळ्यांचा परिणाम सारखाच दिसतो, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी आपलं कारण कोणतं ते शोधा. त्याचा पुरावा तुमच्या हातातल्या पट्टीवरच असतो.

कडेचे आकडे

फिल्मच्या छिद्रांलगत फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात आणि फिल्म धुताना उगवतात. तुमचा कॅमेरा, त्यातलं उजेड मोजणारं मीटर, स्टेजवरचे दिवे, यांतल्या कशाचाही त्यांच्याशी संबंध नाही. म्हणून धुण्याचं काम कसं झालं, याचे ते सगळ्यांत भरवशाचे साक्षीदार.

आकडे ठळक काळे आणि फ्रेम मात्र पातळ असतील, तर धुणं व्यवस्थित झालंय, फिल्मवर प्रकाशच कमी पडलाय. चूक गिगच्या रात्री झाली. आकडेही फिकट राखाडी असतील, तर डेव्हलपर थकलेला होता, वेळ कमी दिली गेली किंवा लॅबने रोल पुश केलाच नाही, म्हणजे सांगूनही जास्त वेळ धुतला नाही. आकडे ठळक आणि छत्तीसच्या छत्तीस फ्रेम कोऱ्या, म्हणजे फिल्म स्पूलवर नीट अडकली नव्हती आणि पुढे सरकलीच नाही. यापुढे रोल भरल्यावर रिवाइंडची कळ हलकेच फिरवून फिल्म ताठ करून घ्या, आणि प्रत्येक वाइंडला ती कळ फिरते का बघा. आणि आकडेसुद्धा नसतील, सगळी पट्टी पारदर्शक असेल, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर (उगवलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) आधी ओतला गेला. तो रोल गेला.

माझ्याकडे येतात त्यांतले बहुतेक पहिल्या प्रकारचे असतात. आकडे छान, चेहरे गायब. म्हणून सगळ्यांत जास्त त्याबद्दलच लिहिते.

मीटरला काय दिसतं

आपल्याकडे हौशी लोकांच्या हातात बहुधा पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम-२, कॅनन एई-१ असे कॅमेरे असतात. यांचं मीटर चौकटीतला उजेड एकत्र करून सरासरी काढतं, कुणाचं चौकटीच्या मध्यभागाला जास्त महत्त्व देऊन. दुपारी रस्त्यावर हे चालून जातं. पबच्या तळघरात मात्र लाइट बँडच्या मागे टांगलेले असतात आणि त्यांची तोंडं प्रेक्षकांकडे, म्हणजे तुमच्या लेन्सकडे. दोन दिवे चौकटीत आले की मीटर म्हणतं, भरपूर उजेड आहे. तुम्ही सुई मध्यावर आणता आणि गायकाचा चेहरा तीन स्टॉप खाली जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). उलटही होतं. मागे काळा पडदा आणि मधोमध पांढऱ्या झोतातली गायिका असेल, तर मीटर पडद्यासाठी उजेड वाढवायला सांगतं आणि तिचा चेहरा जळतो.

के-१००० वाल्यांसाठी आणखी एक. त्या मीटरमधल्या कॅडमियम सल्फाइडच्या सेलला 'आठवण' असते. झगझगीत दिव्याकडे कॅमेरा रोखून लगेच अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवला, तर सुई काही काळ आधीचाच उजेड धरून बसते. दिवे भराभर बदलत असतील तर ती सुई कायम एक पाऊल मागे.

यावर उपाय म्हणजे गाणं सुरू असताना मीटर बघायचंच नाही. साउंडचेकला जा. बँडला विचारून मिनिटभर स्टेजवर चढा, गायकाच्या माइकपाशी उभ्या राहा, चेहरा जिकडे असेल तिकडे तळहात धरा आणि कॅमेरा जवळ नेऊन फक्त तळहाताचं रीडिंग घ्या. आपला रंग कोणताही असो, तळहात मधल्या करड्यापेक्षा, म्हणजे मीटर सगळं जसं धरून चालतं त्या रंगापेक्षा, साधारण एक स्टॉप उजळ असतो. म्हणून आलेल्या रीडिंगपेक्षा एक स्टॉप उघडा. तो आकडा मनगटावर पेनाने लिहून ठेवा आणि रात्रभर ॲपर्चर-शटर त्यावरच ठेवा. मी फिरते त्या छोट्या जागांमध्ये फिल्मचा वेग १६०० धरून एफ/२ आणि १/६० हे पुन्हा पुन्हा निघतं. साउंडचेकला पोचता आलं नाही तर मी तिथूनच सुरुवात करते.

परदेशी पुस्तकांत एक सल्ला असतो: चेहऱ्यावर मीटर लावा आणि एक स्टॉप उघडा. तो गोऱ्या कातडीचा हिशोब आहे. गव्हाळ चेहरा मधल्या करड्याच्या आसपासच येतो, त्याचं रीडिंग आहे तसं घ्या. सावळा चेहरा असेल तर उलट अर्धा ते एक स्टॉप बंद करा, नाहीतर माणूस आहे त्यापेक्षा फिका दिसतो. आपल्या माणसांचे चेहरे त्यांच्या रंगात यावेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

लाल दिवा

एवढं सगळं करूनही काही फ्रेम पातळ येतात, आणि त्या कोणत्या गाण्याच्या आहेत हे आठवून पाहिलंत तर बहुतेक वेळा उत्तर 'लाल' निघतं.

माझ्या डोक्यात हे उशिरा शिरलं. कोरेगाव पार्कातल्या एका तळघरात एका बँडचा शेवटचा कार्यक्रम होता, पोरं नोकऱ्यांसाठी बेंगळुरू आणि पुढे जर्मनीला चालली होती. शेवटची चार गाणी अख्खी लाल उजेडात झाली. मीटर नीट, हात स्थिर, फोकस बरोबर. त्या अकरा फ्रेममध्ये गिटारच्या तारांवरची चमक सोडून काहीही उमटलं नाही. तो बँड पुन्हा कधी एकत्र वाजला नाही, आणि त्या चार गाण्यांचे फोटो नाहीत ते नाहीतच.

नंतर मी एका ओळखीच्या लाइटवाल्याकडे जाऊन लाल एलईडी पारखाली (स्टेजच्या डब्यासारख्या दिव्याखाली) ग्रे कार्ड, म्हणजे मधल्या करड्या रंगाचा पुठ्ठा, ठेवलं आणि अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने एक रोल संपवला. मीटर सांगत होतं त्यापेक्षा दीड स्टॉप जास्त दिल्यावर कार्ड जागेवर आलं. कारण असं की काळ्या-पांढऱ्या फिल्मची लाल टोकाकडची नजर कमजोर असते. इलफर्ड कंपनीच्या एचपी-५ फिल्मची संवेदनशीलता साधारण ६५० नॅनोमीटरपाशी संपते आणि लाल एलईडीचा उजेड ६२० ते ६३० च्या आसपास, म्हणजे त्या काठावरच असतो. मीटरमधला सिलिकॉन सेल मात्र लाल आणि त्याच्याही पलीकडचं फार छान बघतो. त्यामुळे मीटरला भरपूर वाटणारा उजेड फिल्मपर्यंत पोचलेलाच नसतो. लेन्सवर गडद लाल फिल्टर लावून कॅमेऱ्यातल्या मीटरवर विसंबणाऱ्यांचे निगेटिव्ह याच कारणाने पातळ येतात.

मग लाल गाण्यात काय करायचं? एक ते दीड स्टॉप उघडा, म्हणजे प्रत्यक्षात शटर १/३० वर आणा आणि गायक श्वास घ्यायला थांबतो त्या क्षणाची वाट बघा. लेन्स एफ/१.४ ची असेल तर पूर्ण उघडा. हे जमण्याजोगं नसेल तर कॅमेरा खाली ठेवून गाणं ऐका. दिवे बदलतात. बहुतेक लाइटवाले कडव्याच्या शेवटी किंवा ड्रमच्या फिलवर रंग पालटतात. दोन गाणी लक्ष देऊन ऐकलंत की पांढरा किंवा पिवळसर उजेड कधी येणार याचा अंदाज बांधता येतो. ऑर्थो जातीची फिल्म तर गिगला नेऊच नका, तिला लाल अजिबात दिसत नाही.

रंगीत फिल्मवर लाल-निळ्या उजेडाचं दुखणं वेगळं. तिथे तीन थरांपैकी एकाच थरावर चित्र उमटतं, बाकीचे दोन जवळजवळ कोरे. स्कॅनमध्ये चेहरा म्हणजे तांबडा गोळा दिसतो. लॅबला दोष देऊ नका, त्यांच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. त्या स्कॅनमधून फक्त लाल चॅनेल घेऊन काळं-पांढरं करा, अर्धे फोटो वाचतात.

आडवे-उभे पट्टे

"फोटोत पट्टे आलेत, कॅमेऱ्यात प्रकाश शिरतोय का?" हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न. पट्टे फक्त फ्रेमच्या आत असतील आणि छिद्रांकडची कड स्वच्छ असेल, तर प्रकाश शिरत नाहीये. स्वस्त एलईडी मंद करताना खरं तर ते सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही. शटर मात्र १/२५० वर असेल तर त्याची फट फ्रेमवरून सरकत जाते, आणि दिवा विझलेल्या क्षणी फट जिथे असते तिथे गडद पट्टा उमटतो. के-१००० चं कापडी शटर आडवं धावतं, म्हणून आडव्या फोटोत पट्टे उभे येतात. एफएम-२ चं शटर वरून खाली येतं, तिथे ते आडवे.

फ्लॅशची सिंक गती, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारी सर्वांत वेगवान शटर गती, असते त्यापेक्षा वेगाने जाऊ नका. के-१००० वर १/६०. एफएम-२ वर सिंक वेगवान आहे, तरी मी १/१२५ च्या पुढे जात नाही. त्या गतीला शटर पूर्ण उघडतं आणि दिव्याची उघडझाप सगळ्या फ्रेमवर सारखी पसरते. जुन्या ट्यूबलाइट असलेल्या हॉलमध्ये, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने, १/१०० पेक्षा वेगवान शटर टाळावं.

काळा डाग फ्रेम ओलांडून छिद्रांपर्यंत पसरला असेल, तर मात्र कॅमेऱ्याच्या पाठीमागचा फोम कुजलाय. आपल्या दमट हवेत तो चिकट डांबरासारखा होतो. दुरुस्तीवाला तो तासाभरात बदलून देतो.

पुश म्हणजे काय मिळतं आणि काय नाही

'४०० ची फिल्म १६०० ला पुश केली' याचा अर्थ फिल्म जास्त संवेदनशील झाली, असा बरेच जण घेतात. तसं होत नाही. तुम्ही दोन स्टॉप कमी प्रकाश दिलात आणि धुताना वेळ वाढवून उजळ भाग वर खेचलेत, एवढंच. सावलीत जे पोचलं नाही ते कितीही वेळ डेव्हलपरमध्ये ठेवलं तरी उगवत नाही. उलट कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि स्टेजवर तो आधीच जास्त असतो.

तरीही एचपी-५ हा माझा रोजचा रोल आहे, कारण तो मिळतो आणि सोसतो. १६०० साठी मायक्रोफेन डेव्हलपर स्टॉक (म्हणजे आणखी पातळ न करता), २० अंशांना ११ मिनिटं. आयडी-११ डेव्हलपर असेल तर स्टॉक, १४ मिनिटं. हे आकडे इलफर्डचेच आहेत. जागा फारच अंधारी असेल तर डेल्टा ३२०० घ्या. तिच्या नावातल्या आकड्यावर जाऊ नका, इलफर्ड स्वतःच तिचा खरा वेग आयएसओ १००० सांगतं. मी ती १६०० ला वापरते आणि ३२०० ची वेळ देऊन धुते. ग्रेन (फिल्मचे दाणे) दिसतो, पण डोळ्यांखालच्या सावलीत डोळेही दिसतात.

आता पाण्याबद्दल. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या नळाला २८ अंशांचं पाणी येतं आणि पुस्तकातल्या सगळ्या वेळा २० अंशांच्या असतात. मोठ्या घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात रसायनांच्या बाटल्या तासभर ठेवा. २० पर्यंत उतरत नसेल तर २४ वर थांबा आणि वेळ साधारण सत्तर टक्के करा, म्हणजे ११ मिनिटांची पावणेआठ. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नका, फिल्म सारखी धुतली जात नाही. शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ हवं.

डेव्हलपर जिवंत आहे का हे बघायला फिल्मच्या सुरुवातीचा, उजेड लागलेला तुकडा कापून उजेडातच त्यात टाका. काही मिनिटांत काळा झाला तर ठीक. नाही झाला तर ओतून द्या, कितीही महाग असला तरी. तसाच तुकडा फिक्सरमध्ये टाका, पारदर्शक व्हायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ फिल्म फिक्स करा.

लॅबकडे देणार असाल तर तोंडी सांगून भागत नाही. माझा एक अख्खा रोल असाच साध्या वेळेत धुतला गेला, कारण मी काउंटरवर फक्त बोलले होते. आता रोलच्या डब्यावर मार्करने लिहिते: '१६०० ला काढलाय, दोन स्टॉप पुश'. आणि पावतीवरही लिहून घेते. सिनेमाच्या फिल्मचे भरलेले रोल, विशेषतः कोडॅकची ५००-टी, साध्या रंगीत लॅबला द्यायच्या आधी विचारा. तिच्या जुन्या साठ्यातल्या रोलच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असतो आणि तो त्यांची रसायनं नासवतो. लॅबने नकार दिला तर ते बरोबरच आहे.

फोकसबद्दल थोडक्यात. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ ला, दोन मीटरवरून, जेमतेम १७ सेंटीमीटर खोलीचा भाग स्पष्ट पकडते. माइकच्या चकचकीत जाळीवर फोकस केलात आणि गायक मान मागे टाकून गाणारा असला तर डोळे गेले. डोळ्यावर करा, माइक धूसर झाला तरी चालतो.

बँडशी बोलल्याशिवाय यातलं काही होत नाही

वर मी 'साउंडचेकला जा' असं सहज लिहून गेले, पण तिथवर पोचायला आधी ओळख लागते. ती तिकीट काढून जाण्यापासून सुरू होते. कॅमेरा आहे म्हणून फुकट आत सोडा, असं छोट्या जागी मागू नका. दाराच्या पैशांतूनच बँडचा टेम्पो आणि साउंडवाल्याचं बिल निघतं. कार्यक्रम संपल्यावर भेटा, काँटॅक्ट शीट (सगळ्या फ्रेमचे छोटे प्रिंट एका कागदावर) पाठवू का विचारा आणि खरंच पाठवा. पुढच्या वेळी तेच फोन करून "ताई, चार वाजता साउंडचेक आहे, येताय ना" म्हणतात.

फ्लॅश नको. सगळ्यांत आधी येऊन पुढे उभ्या राहिलेल्या माणसासमोर पूर्ण वेळ उभं राहायचं नाही, एका गाण्यानंतर जागा सोडायची. मोठ्या महोत्सवांत फोटोग्राफरना पहिली तीनच गाणी देतात. छोट्या जागी तसा नियम नसला तरी मी रोल तीन भागांत वाटते, कारण शेवटच्या गाण्यात लोक खरे मोकळे झालेले असतात आणि तेव्हाच फिल्म संपलेली असली तर वाईट वाटतं.

या खटाटोपाचं माझ्यापुरतं कारण साधं आहे. जागा टिकत नाहीत. मुंबईत धोबी तलावचं रंगभवन रॉकवाल्यांचं घर होतं, इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथे व्हायचा. शांतता क्षेत्राच्या नियमांत तिथल्या गाण्याच्या रात्री थांबल्या. लोअर परळचा ब्लू फ्रॉग क्लब २००७ मध्ये आला आणि २०१६ मध्ये बंद झाला. आपल्या गावातली तळघरं तर बातमीत न येताच मिटतात, आणि स्वतःची गाणी लिहिणारी पोरं दोन-चार वर्षं वाजवून पांगतात. फोनमधले व्हिडिओ फोनबरोबर जातात. म्हणून मी प्रत्येक बँडला ८ बाय १० चा एक प्रिंट देते आणि निगेटिव्हच्या पाकिटावर तारीख, जागा, वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं पेन्सिलने लिहिते. साउंडवाल्याचंही.

एक दुखणं मात्र मीटरने, फिल्मने किंवा डेव्हलपरने सुटत नाही. ड्रमर. तो मागे बसतो, त्याच्या डोक्यावर दिवा नसतो आणि तो एक क्षण स्थिर राहत नाही. मी कित्येक वर्षं त्याला सोडूनच द्यायचे. गेल्या पावसाळ्यात साउंडचेकच्या वेळी लाइटवाल्याकडे गेले आणि विचारलं, "दादा, कुठल्याही एका गाण्यात ड्रमरवर एक पांढरा पार टाकाल का? अर्धा मिनिट पुरे." त्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं, रोल आहे का विचारलं, आणि म्हणाले, "तिसऱ्या गाण्याच्या शेवटी, सोलोला. तयार राहा." आठ फ्रेम मिळाल्या, एफ/२, १/१२५, सगळ्या भरलेल्या. त्या रात्री दोन प्रिंट करायचे ठरवले, एक ड्रमरसाठी आणि एक त्या दादांसाठी.